सगुणाबाईचं रीळ

१

सगुणाबाई वारली श्रावणात, पण तिचा खून झाला दसऱ्याच्या दुपारी, महाडच्या गिरणीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हे वाक्य विद्याधरचं. विद्याधरला पहिलीत धडे जानकीबाईंनीच दिले होते, त्यामुळे त्याची वाक्यं नेहमी दीड हात जास्त लांब असतात हे त्यांना ठाऊक होतं. तरी या वाक्यातलं काही खोडावं असं त्यांना वाटलं नाही.

गिरण म्हणजे भाताची जुनी गिरण. मालकानं यंत्रं विकली, छप्पर तेवढं राहिलं, आणि त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात चार वेड्यांनी ती जागा चालवायला घेतली. शाळेत चित्रकला शिकवणारी नीला तिथे आपली चित्रं लावायची. नाते गावचा सोमा बिरवाडीत खोली घेऊन राहायचा आणि कारखान्यात फिटर होता. तो रिकामी पिंपं नि पाइप कापून त्यांची वाद्यं करायचा. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, महाडात दिलेली शकू तांदळाच्या पिठानं भिंतीवर लग्नातले चौक काढायची. आणि मुंबईहून परत आलेला विद्याधर रिळाच्या टेपरेकॉर्डरवर नदीचा, एस.टी.चा, मुसळाचा आवाज धरून, तो तोडून जोडून त्याचं संगीत करायचा. गावात त्याला 'विद्याचा खरखराट' म्हणत, पण शनिवारी ऐकायला मात्र झाडून सगळे यायचे. जानकीबाई तर पहिल्या रांगेत. तुम्हाला त्यातलं काय कळतं, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "तुला तरी पाढे कुठे कळत होते? म्हणत होतास ना?"

सगुणाबाई ही शकूची आई. जात्यावर नाचणी दळताना ती जे गायची ते तिच्या सासूनंतर तिलाच येत होतं आणि तिच्यानंतर कुणालाच नाही. दोन वर्षांपूर्वी विद्याधर टेपरेकॉर्डर डोक्यावर घेऊन वाडीवर चढला होता आणि तिचं गाणं धरून आणलं होतं. एकच रीळ. त्याची दुसरी प्रत करायची तर दुसरं यंत्र हवं, आणि ते महाडात कुणाकडे नव्हतं. यंदा कोजागिरीला त्या रिळावर मोठा कार्यक्रम बसवला होता. मधोमध सगुणाबाईचा आवाज, भोवती सोमाची पिंपं, आणि गाणं चालू असताना शकू भिंतीवर चौक काढणार. आई गेल्यापासून शकूनं ते रीळ ऐकलं नव्हतं. मन घट्ट झाल्यावर ऐकेन, म्हणत होती.

दसऱ्याच्या दुपारी विद्याधर मुंबईहून परतला तो उसनं मागून आणलेलं दुसरं यंत्र बगलेत मारूनच. प्रत करण्याआधी एकदा सगळ्यांनी ऐकू, म्हणाला. शकू भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली. जानकीबाईही होत्या. रीळ फिरायला लागलं, सगुणाबाईचा आवाज उठला, "डोंगराच्या उतारी गो नाचणी पिकली", आणि पुसला गेला. नुसतं फसफसणं. पुन्हा दोन शब्द आले, पुन्हा गेले. विहिरीत बुडणारं माणूस वर येऊन खाली जावं तसं चाललं होतं. शकूनं डोळे उघडले नाहीत, फक्त पदराचं टोक मुठीत धरलं.

विद्याधरनं यंत्र बंद केलं. "चुंबक," तो म्हणाला. "टेपला चुंबक लागलं की असंच होतं. कुणीतरी चुंबक लावलंय." आणि मग सगळे सोमाकडे बघायला लागले, कारण सोमाच्या पिशवीत कारखान्यातलं घोड्याच्या नालाएवढं चुंबक असायचं, आणि भाद्रपदात सोमाच विद्याधरशी भांडला होता. म्हातारीचं गाणं कापू नको, जसं हाय तसं वाजव, असं म्हणाला होता.

"मी लावलं नाय," सोमा म्हणाला.

"तुला काय सोयरसुतक! काल खंडेनवमीची पूजा झाली, तेव्हा तू आतसुद्धा आला नाहीस म्हणे," विद्याधर म्हणाला.

"आत आलो नाय, हे खरं हाय," सोमा एवढंच बोलला. मग त्यानं पिंपं दोरीनं बांधली, कारखान्यातल्या ओळखीचा एक टेम्पो बोलावला आणि संध्याकाळच्या आत गिरणीतला आपला कोपरा रिकामा केला. कुणी त्याला अडवलं नाही. बाईंनीही नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी शकू बाईंच्या ओसरीवर येऊन बसली. रडून डोळे सुजले होते.

"बाई, माझ्या आयला कुनी पुसलं त्ये मला पायजे. सोमानं पुसलं आसंल तर का, त्येबी पायजे."

शाळेत पेन्सिल हरवली तर 'कुणी घेतली' असं जानकीबाई कधी विचारत नसत. शेवटची कुणी पाहिली आणि कशी होती, एवढंच विचारायच्या. चोर या प्रश्नाला हसत उत्तर देतो आणि मग बोलता बोलता अडकतो, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. त्या उठल्या, छत्री घेतली आणि गिरणीत गेल्या.

विद्याधर यंत्रासमोर सुतक्यासारखा बसला होता. बाईंनी रीळ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. त्याला ते ऐकवत नव्हतं, पण बाईंपुढे त्याचं काय चालणार? बाई डोळे मिटून मांडीवर हात आपटत बसल्या. आवाज गेला की एक थाप. आवाज गेला की एक थाप. सुरुवातीला थापा सावकाश पडत होत्या. रीळ संपत आलं तशा त्या भराभर पडायला लागल्या.

"विद्या, हे ठेक्यात जातंय रे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुसणाऱ्यानं मनाला येईल तिथे पुसलेलं नाही. आधी विलंबित, मग द्रुत. असं यंत्रावर पुसता येतं?"

विद्याधरनं मान हलवली. यंत्रावर पुसलं तर सलग पुसलं जातं. हातात चुंबक घेऊन रिळावर फिरवलं तर सगळाच राडा होतो. हे असं का झालं ते त्यालाही सांगता येईना. आपण मुंबईला गेलो नसतो तर, हे पालुपद मात्र तो घोळवत राहिला. प्रत करायचं यंत्र आणायला गेला आणि तेवढ्यात मूळच हातचं गेलं, याचं त्याला फार लागलं होतं. ते बाईंनाही दिसत होतं, म्हणून त्यांनी सोमाबद्दल त्याला त्या वेळी काही सुनावलं नाही.

त्यांनी रीळ हातात घेतलं. वीतभर रुंदीची पांढऱ्या प्लॅस्टिकची चकती, मध्ये गुंडाळलेली तपकिरी फीत. चकतीच्या एका अंगाला कुंकवाचं बोट. बाकी स्वच्छ. ज्या पत्र्याच्या डब्यात ते राहायचं त्या डब्याला कुंकू नव्हतं.

नीला मागच्या भिंतीवरची आपली चित्रं उतरवत होती. तिचा विद्याधरवर राग होता हे गिरणीत सगळ्यांना माहीत होतं. गणपतीतलं तिचं प्रदर्शन या कार्यक्रमाच्या तालमींपायी रद्द झालं होतं.

"बाई, तुम्ही मलाही विचारणार ना? विचारा. मला हा कार्यक्रम नको होता, खरं आहे. पण म्हातारीवर कशाला राग काढू?"

"मी कुठे म्हटलं? परवाची पूजा कशी मांडली होतीस ते सांग. मी आले तेव्हा सगळं झेंडूनं झाकलेलं होतं."

नीलाला मांडणीचं विचारलं की ती खुलायची. तिनं हातानं हवेत दाखवायला सुरुवात केली. मध्ये पाट. पाटावर विद्याधरचा मोठा स्पीकर, खोक्यातून काढलेला, पालथा, कारण त्याच्या तोंडाचा कागद फाटला होता, तो नुकताच चिकटवला होता आणि त्याला हळदीचं पाणी लागू द्यायचं नव्हतं. डावीकडे टेपरेकॉर्डर, उजवीकडे तिचे कुंचले आणि शकूची पिठाची वाटी. सोमाच्या पिंपांना बाहेरच्या बाजूनं माळ. शकूनं आईचं रीळ डब्यातून काढून सगळ्यात उंच ठेवलं, त्याच्याशेजारी नारळ. पूजा झाली आणि हत्यारं रात्रभर तशीच ठेवली, कारण नवमीला पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत.

"गिरणीला कुलूप होतं?"

"माझ्या हातानं लावलं. सकाळी मीच उघडलं. बाई, सकाळी सगळं जसंच्या तसं होतं. फुलंसुद्धा हललेली नव्हती." नीला थांबली आणि मग जरा आवाज खाली करून म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. नवमीला सकाळी शकूचा भाऊ आला होता. भागोजी. रीळ मागत होता. नाही म्हटलं तर म्हणाला, 'नाय दिलंत तरी ते ऱ्हानार नाय.'"

३

पोलादपूरचा बाजार भरला होता. भागोजी एस.टी. स्टँडच्या कडेला दोन करडं घेऊन उभा असलेला बाईंना सापडला. उंच, काटक माणूस, दाढी वाढलेली. शकूच्या बाई आल्यात म्हटल्यावर त्यानं करडं शेजाऱ्याच्या हवाली केली आणि चहाच्या टपरीपाशी बाकडं पुसून दिलं.

"नवमीला महाडास गेला होतास?"

"गेलो व्हतो."

"'ते राहणार नाही' असं म्हणालास?"

त्यानं मान खाली घातली. "म्हनलो. आय जाऊन दोन म्हैनं नाय झालं, आन् ह्ये तिला यंत्रात बशवून गावाफुडं गायला लावनार. वरीस सरल्याबिगर मेल्या मानसाला हाका मारत नाय आमच्यात. त्याचा पाय हितंच घुटमळतो. म्हनून म्हनलं रीळ द्या, सावित्रीत सोडतो. त्या चित्राच्या बाई नाय म्हनल्या, तवा रागानं बोललो."

"मग?"

"मंग काय? घरला आलो." त्यानं बाईंकडे पाहिलं. "गेला का हो आवाज? समदा?"

"सगळा नाही. मधून मधून."

भागोजीचे डोळे भरून आले. ते लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. "माझ्या तोंडातून वाईट निघालं. तवाधरनं पोटात घास जात नाय, बाई. माझ्या बोलन्यानंच गेला का काय, असं वाटतंय."

बाईंनी त्याला चहा प्यायला लावला. तुला तरी ते गाणं येतं का, असं विचारलं. तो ओशाळला. जात्याकडं बाप्ये कशाला जातील? आई गात असायची आणि तो झोपेतून कूस बदलायचा, एवढंच त्याला आठवत होतं.

परतीच्या एस.टी.त बाईंच्या शेजारी एक बाई चटईची गुंडाळी घेऊन बसली होती, नवी नव्हे, घरातली जुनी. समईतलं तेल सांडलं हो तिच्यावर, म्हणून बहिणीकडे धुवायला नेते, असं सांगत तिनं चटई थोडी उलगडून दाखवली. गुंडाळून ठेवलेली असताना तेल एकाच जागी सांडलं होतं, पण उलगडली तर डाग एक नव्हता. हातभर अंतरावर एक, पुढे वितीवर एक, आत आत जाताना चार बोटांवर एक. जानकीबाई त्या डागांकडे बघत राहिल्या. मग आपोआप त्यांचा हात मांडीवर पडायला लागला, आधी सावकाश, मग भराभर.

म्हणजे रीळ फिरत नव्हतं. ते आडवं पडलेलं होतं, स्थिर, आणि एका अंगाला काहीतरी त्याला टेकून होतं. ज्याला आवाज मारायचा असतो तो अर्धं अंग सोडत नाही. भागोजीला मारायचा असता तर त्यानं रीळ नदीत टाकलं असतं. नीलाला मारायचा असता तर डबा हरवला असता. हे कुणी रागानं केलेलं नव्हतंच. बाईंना आधी हायसं वाटलं, आणि मग बिरवाडी फाटा येईपर्यंत ते हायसं वाटणं कुठल्या कुठे गेलं, कारण रागाचं नाही तर मग हे कशाचं, हा प्रश्न उरलाच होता. त्या फाट्यावर उतरल्या.

४

सोमाची खोली कारखान्याच्या कामगारांच्या चाळीत होती. पिंपं बाहेर ओट्यावर उलथी ठेवलेली, त्यांवर कुणाच्या तरी चड्ड्या वाळत होत्या. सोमा पहिली पाळी करून आला होता. बाईंना बघून त्यानं खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभाच राहिला. नाते गावच्या शाळेत बाईंनी त्याला दोन वर्षं शिकवलं होतं.

"चुंबक बघायला आलात ना, बाई? हे घ्या."

त्यानं पिशवीतून ते काढून दिलं. लोखंडाच्या किसाची त्याला दाट दाढी आली होती. कारखान्यात लेथखालचा कीस गोळा करायला तो ते वापरायचा. बाईंनी ते हातरुमालावर टेकवलं आणि उचललं. रुमालावर काळे कण राहिले, झटकले तरी जाईनात.

"हे नेहमी असंच असतं?"

"पुसलं तरी दुसऱ्या दिशी परत तसंच."

बाईंना पांढरी स्वच्छ चकती आणि तिच्यावरचं कुंकवाचं एक बोट आठवलं. "सोमा, हे चुंबक रिळाला लागलेलं नाही."

"मला ठाव हाय. तुम्हाला आता कळलं."

हे त्यानं शांतपणे सांगितलं, पण बाईंना बसल्या जागी अवघडल्यासारखं झालं. त्यांनी विषय पुढे नेला. "पूजेला आत का आला नाहीस? देवाधर्माचं पटत नाही म्हणून?"

सोमा हसला. "कारखान्यात खंडेनवमीला मशीनला हार घालतात तवा मी मशीनपाशीच उभा असतो, बाई. मी हात जोडत नाय, आमच्यात ते सोडलंय. पण मशीन मी चालवतो, तवा सुपरवायझर सोता बोलावतो, 'सोमा, पुढं हो.' गिरणीत माझी पिंपं व्हती. मी दारात यिऊन उभा ऱ्हायलो. कोन म्हनलं, ये? मला वाटलं यांच्या मनात नसंल. त्यांना वाटलं माझ्या मनात नाय."

त्या दिवशी दाराजवळ बाईच बसल्या होत्या.

सोमानं शेजारून चहा मागवला. पेला हातात घेऊन बाईंनी शेवटचं राहिलेलं विचारलं. गिरणीत आणखी कुठे चुंबक आहे का?

"हाय की. इद्याधरचा मोठा स्पीकर हाय ना? त्याच्या पाठीला जी जाड लोखंडी चकती दिसते, तिच्यातच चुंबक असतंय. माझ्या ह्याच्या धा पट. त्याचा फाटका कागद मीच चिकटवला नवमीच्या सकाळी, तवा पकड हातातून खेचून घेत व्हता."

"स्पीकर पालथा ठेवला तर ती चकती वर येते?"

"वर. सपाट. पाटावानी."

बाईंनी पेला खाली ठेवला. पालथा स्पीकर, सगळ्यात उंच. त्यावर अर्ध्या भागात नारळ आणि अर्ध्या भागात सगुणाबाईचं रीळ, डब्यातून मुद्दाम काढलेलं, कारण पूजा डब्याची करत नाहीत, वस्तूची करतात. एक अख्खी रात्र, कुणीही हात न लावता. आईला उंचावर ठेवायचं म्हणून शोधून शोधून शकूनं तीच जागा काढली होती.

त्यांनी सोमाला सगळं सांगितलं. त्यानं खुर्चीची पाठ धरली.

"आता हे शकूला कसं सांगायचं रे," बाई म्हणाल्या. "आपल्याच हातानं आईचा आवाज... ती उभ्यानं कोसळेल. त्यापेक्षा..."

त्यापेक्षा काय ते त्यांनी म्हटलं नाही. पण सोमाला ते ऐकू गेलं.

"त्यापेक्षा काय, बाई? तिला वाईट वाटंल म्हनून मी वाईट ऱ्हायचं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "माझ्यावर बालंट हाय. चाळीत लोक इचारतात, पिंपं का आनलीस. माझ्या बापानं जलशात पेटी वाजवली, त्याच्यावर कुनी असं बोट दाखवलं नाय. शकूची मला दया येती, लई येती. पन ते वझं माझं नाय."

जानकीबाईंना आपली लाज वाटली. एक निष्पाप माणूस समोर उभा असताना त्यांनी दुसरीचं दुःख वाचवायला त्याला तोलून पाहिलं होतं, आणि ते करताना आपण फार शहाण्या आहोत असंही त्यांना वाटलं होतं. हा माणूस गप्प बसेल असं आपण गृहीतच का धरलं, याचं उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते चांगलं नव्हतं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर सांगते."

"तवा मी तिथं असनार. आन् आत बसनार."

५

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे गिरणीत जमले. विद्याधर, नीला, शकू. भागोजीलाही बाईंनी निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. सोमा आला आणि थेट आत येऊन पाटाच्या जागेजवळ मांडी घालून बसला. विद्याधर त्याच्याकडे बघेना.

बाईंनी घरून एक चटई आणली होती. ती त्यांनी गुंडाळली, आडवी ठेवली, टोकाला दिसणाऱ्या वेटोळ्यांवर मधून कडेपर्यंत खडूनं एक रेघ मारली आणि सगळ्यांसमोर उलगडली. चटईच्या काठावर खडूच्या खुणा मांडल्या गेल्या, आधी लांब लांब, मग जवळ जवळ. "आता रीळ लाव," त्या विद्याधरला म्हणाल्या. त्यानं लावलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला, कारण तो मूर्ख नव्हता, घाईचा होता.

"आडवं पडलेलं होतं," तो म्हणाला. "कशावर तरी."

"सोमाचं चुंबक ते नव्हे. त्याचा कीस रिळावर कुठेही नाही, हे तू त्या दिवशी बघायला हवं होतंस. भागोजी रागावला होता, पण त्याला रीळ नदीत सोडायचं होतं. नीलाला जागा हवी होती, आवाज मारायचा नव्हता. इथे आणखी एक चुंबक होतं. सगळ्यांत मोठं. आणि नवमीच्या रात्री ते पालथं..."

"पाटावर," नीला नकळत म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

बाईंना पुढचं बोलावं लागलं नाही. शकू भिंतीशी बसली होती ती हळूच सरळ झाली.

"मी ठिवलं," ती म्हणाली. "मीच. लय उंच जागा दिसली म्हनून." तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. मग विचारलं, "बाई, म्या पुसली का आयला?"

जानकीबाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिचं डोकं छातीशी धरलं. शकू मोठ्यानं रडली नाही. भागोजी दूर उभा राहून नाक ओढत होता, आणि मग तोही येऊन बहिणीशेजारी बसला.

विद्याधर सोमासमोर जाऊन उभा राहिला. "सोमा, मी चुकलो."

"चुकलास," सोमा म्हणाला.

शकूनं डोळे पुसले आणि ती सोमाकडे वळली. "तुला ठाव व्हतं, भोंग्यात चुंबक असतंय?"

"व्हय."

"मंग मला अडवलं का नाय रे? नुसतं एकदा म्हनायचं, 'शके, तिथं नगो.'"

"दिसलं नाय गो," सोमा म्हणाला. "भायेर व्हतो. भायेरून तुमच्या समद्यांच्या पाठीच दिसत व्हत्या."

जानकीबाईंना त्या संध्याकाळचं सगळं आठवलं. आरती झाली, नीलानं प्रसादाचा दुसरा नारळ फोडला, आणि दारात उभ्या असलेल्या सोमाला त्यांनी स्वतः उठून, उंबऱ्यावरून हात लांब करून खोबऱ्याचा तुकडा दिला होता. वरून स्वतःवर खूशही झाल्या होत्या, बाकीच्यांना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं म्हणून. 'आत ये रे' हे तीन शब्द बोलल्या असत्या तर सोमा येऊन पाटाशी उभा राहिला असता आणि पहिल्या नजरेत त्यानं ते रीळ उचलून बाजूला ठेवलं असतं. सगुणाबाई आज अख्खी असती. गुन्हेगार शोधायला त्या पोलादपूरपर्यंत जाऊन आल्या होत्या.

"मी बोलवायला पाहिजे होतं तुला," त्या सोमाला म्हणाल्या. त्यानं फक्त मान हलवली. नाकारलं नाही.

उद्याचा कार्यक्रम कसला आता, असं नीला पुटपुटली. शकू म्हणाली, मला एकदा गाऊन बघू द्या, जेवढं येतं तेवढं. तिनं डोळे मिटले आणि जात्याचा खुंटा धरल्यासारखी मूठ केली. आवाज आईसारखा नव्हता, बारीक होता.

"डोंगराच्या उतारी गो नाचणी पिकली..."

आणि थांबली. पुढची ओळ येईना. तिनं भावाकडं पाहिलं, त्यानं मान हलवली. विद्याधरनं यंत्र लावलं, पण नेमकी ती ओळ गेलेली होती. नुसतं फसफसणं, आणि मग तिसरी ओळ, "येनाऱ्या पाव्हन्याला गो भाकर राखली." विद्याधरनं हे रीळ शंभरदा ऐकलं होतं. पण तो आवाज ऐकायचा, शब्द नाही. आता तो डोकं धरून बसला होता.

"आय व्हती तवा कोन ध्यान देतं," शकू म्हणाली. "वाटायचं, हाय की गायला."

तेव्हा सोमानं जमिनीवर हात ठेवला. पिंपं बिरवाडीत होती. "शब्द मला ठाव नाय," तो म्हणाला. "पन ती ओळ केवढी व्हती ते ठाव हाय. दोन म्हैनं तिच्यासंगं वाजवलंय. म्हन तू पैली ओळ."

शकूनं पहिली ओळ म्हटली. ती संपली तसा सोमा बोटांनी जमिनीवर वाजवायला लागला, हलक्या हातानं, जात्याच्या फेऱ्यासारखं. सगळे ऐकत होते. हरवलेल्या ओळीत जिथे आई श्वास घ्यायची तिथे तो किंचित थांबला. शकूचे ओठ हलले, पण त्यांतून काही आलं नाही. ओळ संपली, सोमानं हात उचलला आणि तिच्याकडं बघून मान हलवली, आता पुढची घे म्हणून.